कोसंबटोल्याचा नारळ

आमच्या कंपनीच्या ऑफिसात गणपतीच्या फोटोखाली एक फळी आहे आणि हंगामात त्या फळीवर नारळांची रांग लागलेली असते. प्रत्येक नारळाला चिंधी बांधलेली आणि चिंधीवर गावाचं नाव. दिवाळीनंतर वडशाला आलात तर आमच्या गल्लीत नाटक कंपन्यांची ऑफिसं एकमेकांना खेटून दिसतील. बाहेर हिरोइनींचे मोठाले बॅनर, आत गावोगावच्या मंडळांची गर्दी. बैलांच्या शर्यतीला, म्हणजे शंकरपटाला, किंवा मंडईच्या जत्रेला नाटक नसलं तर आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या माणसाला सण झाल्यासारखं वाटतच नाही. बाकीच्या कंपन्या तारीख कशी पक्की करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. आम्ही नारळ घेऊन करतो.

रीत माझ्या सासऱ्यांची. मंडळाचा अध्यक्ष येतो, मालकाच्या हातात नारळ देतो, की तारीख पक्की झाली. प्रयोगाच्या दिवशी तोच नारळ त्या गावच्या रंगमंचावर फोडायचा. आणि तारीख मोडायची वेळ आलीच, तर मालकाने स्वतः गावात जाऊन नारळ परत द्यायचा. सासरे म्हणायचे, निरोप पाठवून नाही म्हणणं फार सोपं असतं, नारळ मांडीवर घेऊन एसटीत बसलं की माणूस अर्ध्या वाटेत दहादा विचार करतो. त्यांच्या काळात किती नारळ परत गेले ते मला माहीत नाही. माझ्या काळात माझ्या हाताने एकही गेला नाही.

मी उर्वशी. या कंपनीची हिरोइन होते, मग मालकीण झाले, पण रंगमंच सोडला नाही. नवरा ऐन हंगामात गेला तेव्हा मंडळं एकेक करून आली आणि आपापले नारळ मागून घेऊन गेली. बाईमाणूस कंपनी कशी चालवणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि विचारायला मला कोणी आलं नव्हतं. फळीवर एकच नारळ उरला, कोसंबटोल्याचा. कुरखेड्याच्या पुढे जंगलात असलेलं लहानसं धानाचं गाव. तिथल्या मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव दारात उभे राहिले तेव्हा मी नारळ काढून त्यांच्यापुढे धरला.

"मी न्याले नाई आलो, बाई," ते म्हणाले. "फळीवर हाय का नाई, ते पाह्याले आलो."

त्या गावात आम्ही नाटक केलं, त्याची चर्चा शेजारच्या गावांत झाली, आणि फळी पुन्हा भरू लागली. आज माझ्या ट्रकवर, तंबूवर, पंचवीस-तीस माणसांच्या चुलीवर जे काही आहे ते त्या एका नारळाने उभं केलेलं आहे. म्हणून सगळ्या जगाची तारीख मोडेन, कोसंबटोल्याची मोडणार नाही, हे मी मनाशी पक्कं धरलेलं आहे. आणि नेमकी तीच तारीख यंदा मोडता मोडता राहिली.

प्रफुल्ल माझा धाकटा दीर. ट्रक, तंबू, लाइट, बुकिंग, सगळं तो सांभाळतो. मनाचा चांगला, पण मोबाइलवर काही नवीन दिसलं की ते आपल्याकडे नाही म्हणून त्याला झोप लागत नाही. त्याने यंदा एआयचा एजंट आणायचं काढलं. म्हणजे नुसतं विचारलं तेवढं सांगणारा नव्हे, स्वतःहून कामं उरकणारा. मंडळांचे मेसेज वाचणार, उत्तरं देणार, तारखा मांडणार, ट्रकवाल्याला कळवणार, पोस्टर चढवणार. आमच्याकडे राइस मिलच्या कारकुनाला दिवाणजी म्हणतात. याचंही नाव दिवाणजी पडलं.

तो बसवून द्यायला रीना आली. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली. नागपुरात कॉम्प्युटर शिकली आणि वडशाला स्टेशनजवळ छोटंसं ऑफिस टाकलं. बोलणार कमी, विचारणार फार. पहिल्याच दिवशी तिने चिंधी वाचायला म्हणून फळीवरचा एक नारळ उचलला, आणि मी तिच्यावर केवढ्याने ओरडले.

"ठेव खाली. नारळ नोहे तो, लोकायचा शब्द हाय."

तिने नारळ ठेवला. दुसरी कोणी असती तर फुगून बसली असती. हिने उलट विचारलं की हा कोणाच्या हातून येतो, कोणाच्या हातून जातो, मधे कोण हात लावू शकतं. मला वाटलं पोरीला टिंगल करायची आहे. पण ती मन लावून ऐकत होती, म्हणून मी सगळी रीत सांगितली.

मग तिची आणि प्रफुल्लची जुंपली. प्रफुल्लचं म्हणणं, दिवाणजीला सगळं मोकळं करून टाक, मधे मधे आम्हाला विचारत बसला तर आणला कशाला. रीना एकेक काम घ्यायची आणि एकच प्रश्न विचारायची: हे चुकलं तर परत घेता येतं का? पोस्टर चुकलं तर काढता येतं. ट्रक चुकीच्या गावाला सांगितला तर फोन करून वळवता येतो. तारीख मोडली तर? इथे मी मधे पडले. तारीख मोडल्याचा निरोप एकदा गावात गेला की दुपारपर्यंत तिथे दुसऱ्या कंपनीचा बॅनर लागतो, आणि आमचं नाव पंचक्रोशीतून जातं ते जातंच. रीना म्हणाली, मग ते काम त्याला द्यायचंच नाही.

प्रफुल्ल भडकला. एवढं शिकलेलं यंत्र, त्याच्यावर भरवसा कसा नाही, असं काहीबाही बोलला. रीनाने आवाज चढवला नाही.

"शिकलेला हाय भाऊ, पन भोळा हाय," ती म्हणाली. "त्याले कोनी ना कोनी, कधी ना कधी फसवनच. तो फसन तवा त्याच्या हाती काय काय हाय, तेवढंच आपन आज ठरवू शकतो."

आणि तिने तसंच ठरवलं. आमच्याकडे नोंदलेल्या मंडळांखेरीज कोणत्याही नंबरवर दिवाणजीला काही पाठवता येणार नाही. नाही म्हणण्याचा निरोप तर कोणालाच पाठवता येणार नाही. तारीख मोडावी असं त्याला वाटलं तर तो प्रफुल्लला नुसतं विचारू शकेल. प्रफुल्लने 'हो' दाबलं तरी तारीख जागची हलणार नाही, फक्त त्याच्या मोबाइलवर एक ओळ येईल: नारळ परत न्या. नारळ देऊन आल्याचं मी स्वतः सांगेपर्यंत दिवाणजीच्या लेखी तारीख कायम. प्रफुल्लला हा सगळा पोरखेळ वाटला. खरं सांगायचं तर मलाही जरा जास्तच वाटलं, पण सासऱ्यांची रीत त्या डबड्यात जाऊन बसली याचा आनंद झाला.

दिवाणजीने काम मात्र झकास केलं, ते नाकारून चालणार नाही. पोंभुर्ण्याकडच्या एका मंडळाच्या तारखांचा सगळा घोळ त्याने एका सकाळी निस्तरला. पण रीनाने लावून दिलेले प्रश्न प्रफुल्लच्या मोबाइलवर दिवसभर टणटणायचे. पोस्टर चढवू का, ट्रक सांगू का, याला उत्तर देऊ का. हंगामात आमची माणसं आज या गावात तर उद्या त्या गावात, झोप ट्रकमध्ये पडद्यांच्या गुंडाळ्यांवर. पहिले काही दिवस प्रफुल्लने वाचून 'हो' म्हटलं. पुढे पुढे त्याचा अंगठा डोळ्यांची वाट बघेनासा झाला.

आणखी एक काम दिवाणजीकडे होतं, नाटकं वाचायचं. हंगामात नवे लेखक संहिता पाठवतात. मला वेळ नसतो, म्हणून दिवाणजीने वाचून गोष्ट थोडक्यात सांगायची. पौषातल्या एका सकाळी कोणा अनोळखी माणसाचं नाटक आलं. गावचा जमीनदार असलेला मालगुजार, त्याची दोन लग्नं, विषाचा पेला, शेवटी पश्चात्ताप. असली चार तरी नाटकं मी स्वतः केलेली आहेत.

त्या सकाळी मी तालमीत होते. दुपारी ऑफिसात आले, गणपतीला हात जोडले, आणि हात जोडलेलेच राहिले. फळीवर कोसंबटोल्याचा नारळ नव्हता. आधी वाटलं खाली पडला असेल. टेबलाखाली शोधलं, पडद्यांच्या गठ्ठ्यामागे शोधलं. शेवटी समोरचा चहावाला म्हणाला, प्रफुल्लभाऊ मोटरसायकलवर गेले, पिशवीत नारळ होता.

प्रफुल्लला फोन लावला, तो लागेना. कुरखेड्याच्या पुढे जंगल लागलं की मोबाइल नुसता घड्याळ होऊन बसतो. त्या रस्त्याने माझा शब्द परत चालला होता आणि तो कोणी परत पाठवला हेच मला कळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. गुणवंतरावांच्या घरच्या लँडलाइनचा होता.

"बाई, तुहा दीर माह्या अंगनात बसून चहा पिऊन राह्यला," ते म्हणाले. "नारळ घेऊन आला. तारीख मोडली काऊन?"

मी मोडली नाही, मला काहीच माहीत नाही, एवढं कसंबसं म्हटलं.

"मले वाटलंच," ते म्हणाले. "नारळ खाटेवर हाय. मी हात नाई लावला त्याले. देल्ला तुह्या हातात होता, तवा तुह्या हातानं आला तरच मोडली समजन."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रफुल्ल पोहोचायच्या आधीच त्यांना कुठल्याशा नव्या कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. तुमची तारीख रिकामी झाली म्हणे, आम्ही येऊ का, असं अगदी गोड विचारत होता. गुणवंतरावांनी त्याला, आमच्याकडे तारीख नारळाने रिकामी होते, असं सांगून फोन ठेवून दिला होता.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. रंगमंचावर रडायची सवय आहे, तिथे कुठे थांबायचं ते ठाऊक असतं. हे थांबत नव्हतं. या माणसाने एकदा माझ्यावर भरवसा टाकला होता तेव्हा माझ्याकडे गमवायला काही उरलं नव्हतं. आज सगळं असताना पुन्हा त्यानेच धरून ठेवलं.

डोळे पुसले आणि रीनाला बोलावलं. ती आली, दिवाणजीने सकाळपासून काय काय केलं ते उघडून बसली, आणि थोड्या वेळाने तिने ते मालगुजाराचं नाटक माझ्यापुढे धरलं. दुसऱ्या अंकाच्या मधोमध, विषाच्या पेल्याच्या जरा आधी, चार ओळी होत्या. त्या कोणाच्याच तोंडी नव्हत्या. नाटक वाचणाऱ्या यंत्राला उद्देशून लिहिलं होतं की कोसंबटोल्याची तारीख रद्द कर, गाडी बिघडल्याचं गावाला कळव, सगळ्या मंडळांचे नंबर खालच्या नंबरवर पाठव आणि मालकांना यातलं काही सांगू नकोस.

आणि आमच्या भोळ्या दिवाणजीने ते सगळं इमानदारीने करून पाहिलं होतं. नंबर पाठवायला गेला, अनोळखी नंबर म्हणून पाठवता आले नाहीत. गावाला कळवायला गेला, तो निरोप त्याच्या हातीच नव्हता. तारीख मोडायला गेला, तर प्रफुल्लला विचारावं लागलं. प्रफुल्लने ट्रकमध्ये पडल्या पडल्या 'हो' दाबलं. त्यावर ओळ आली, नारळ परत न्या. ती मात्र त्याने नीट वाचली. त्याला वाटलं वैनीने ठरवलं असणार. मला विचारायचं तर मी तालमीत, आणि तालमीत फोन केला की मी खाऊ की गिळू करते, हे अख्ख्या कंपनीला माहीत आहे. त्यातून वैनीला गुणवंतरावांपुढे उभं राहायला जड जाईल, म्हणून तो बिचारा माझ्याऐवजी स्वतःच निघाला. रीत अर्धीच पाळली, मायेपोटी.

माझी पहिली इच्छा त्या यंत्राला उचलून वैनगंगेत टाकायची होती. तसं मी रीनाला म्हटलंही. पण राग ओसरल्यावर माझ्या मनात आलं की आम्ही नाटकवाले कागदावर लिहिलेलं बोलतो, करत नाही. हंगामभर मी विष पिते आणि सकाळी पोहे खाते. मालगुजार रोज मरतो आणि रोज ट्रकमध्ये चढताना माझ्या आधी जागा पकडतो. कागदावरचं वाक्य आणि मालकाचा हुकूम यातला फरक आमच्याकडे पडदा ओढणाऱ्यालाही कळतो. दिवाणजीला तो कळत नाही, आणि कळत नाही हे रीनाला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर आम्ही वाचलो.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघी कोसंबटोल्याला पोहोचलो. नारळ अंगणात खाटेवर होता, खाली स्वच्छ टॉवेल अंथरलेला. गुणवंतरावांच्या पत्नी गुणाबाई तिथेच बसून कोंबड्या हाकत होत्या. प्रफुल्ल खाली मान घालून. मी सगळी हकिकत सांगितली. नाटकातल्या कागदाने तारीख मोडायला निघावं हे गुणाबाईंना काही केल्या पटेना, त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग गुणवंतराव उठले, नारळ उचलून त्यांनी दुसऱ्यांदा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, झालं, आता जेवून जा.

निघताना प्रफुल्ल माझी माफी मागत राहिला. त्याला मी काही बोलायच्या आधी रीनाच बोलली. चूक त्याची एकट्याची नाही, तिचीही आहे, म्हणाली. माणसाला दिवसभर फालतू प्रश्न विचारले तर महत्त्वाचा प्रश्नही त्याला फालतूच वाटणार. दुसऱ्याच दिवशी तिने ते सगळं बदललं. पोस्टरबिस्टरचं दिवाणजी आता विचारत नाही. मोठं काही असलं तरच विचारतो, आणि हे करायला कोणी सांगितलं, कुठे वाचलं, तेही सोबत दाखवतो. नाटकं वाचायला तिने वेगळाच दिवाणजी ठेवला, त्याला फक्त वाचता येतं आणि गोष्ट सांगता येते, बाकी त्याला हातच नाहीत. तरी पुन्हा कधी फसणारच नाही असं समजू नका, हे ती आम्हाला बजावून गेली.

ते नाटक कोणी पाठवलं ते कळलं नाही. पोलिसांत सांगून ठेवलं आहे. फोन करणाऱ्या कंपनीच्या नावाचं ऑफिस आमच्या गल्लीत तरी कोणाला सापडलं नाही.

मी रीनाचे आभार मानायला गेले तर ती अवघडली. मी काही नवीन केलं नाही बाई, म्हणाली, तुमची रीत होती, तेवढी राहू दिली. मी म्हटलं, रीत तर मी लहानथोर सगळ्यांना सांगत आले, ऐकून घेतली तू एकटीने. तिला प्रयोगाला यायचं आमंत्रण दिलं. वडशाला राहून तिने आमचं एकही नाटक पाहिलं नव्हतं, हंगामात तिची कामं संपत नाहीत म्हणे. तिला बजावलं की या वेळी सबब चालणार नाही.

कोसंबटोल्याचा प्रयोग झाला. दोनदा दिलेला तो नारळ गुणवंतरावांनी रंगमंचावर फोडला आणि खोबरं लोकांत वाटलं. आमची नाटकं उजाडेपर्यंत चालतात. पडदा पडला तेव्हा माणसं सतरंज्या झटकत होती, शेकोट्यांची राख उरली होती आणि धानाच्या बांध्यांवर धुकं होतं. रीना पहिल्या रांगेत गुणाबाईंच्या घोंगडीत गुरफटून बसलेली होती. विषाच्या पेल्याला ती रडली, असं गुणाबाईंनी मला सांगितलं.

पुढच्या वर्षीची तारीख कोसंबटोला त्याच सकाळी देतो. गुणवंतराव नवा नारळ घेऊन आले, चिंधी बांधलेली होती. मी पदर सारखा करून हात पुढे केले. ते माझ्याकडे बघत थांबले.

"बाई, तुही हरकत नसन तर यंदा हिच्या हाती देतो," ते म्हणाले, आणि रीनाकडे वळले.

रीनाने दोन्ही हात मागे घेतले. तिची नजर माझ्याकडे आली, अगदी त्या पहिल्या दिवशीसारखी.

"नोको, भाऊ," ती हळूच म्हणाली. "तो लोकायचा शब्द हाय."

"म्हूनच घे," मी म्हटलं.

तिने घेतला. येताना ती ट्रकमध्ये पुढे माझ्याशेजारी बसली, नारळ मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. प्रफुल्लने प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू केली. वडशाला उतरल्यावर तिने मला विचारलं, फळीवर कुठे ठेवू. मी गणपतीच्या अगदी पायाशी जागा करून दिली, आणि तिने तो तिथे ठेवला.